‘वापस’चा अर्धा गुण

गव्हाणे सर सकाळी माझे निबंध तपासायचे आणि दुपारी आमच्याकडे जेवायचे. म्हणजे सकाळी वर्गात माझी भाषा कापायची, आणि दुपारी त्याच भाषेत आईला विचारायचं, "काकू, आज येसर करून राह्यल्या का? वास लई भारी येऊन राह्यला." मी आतून भाकरी वाढायला आले की ते जरा चपापायचे, पाण्याचा पेला उचलायचे आणि माझ्याकडे बघून शुद्धीवर येत म्हणायचे, "शीतल, थोडी आमटी दे." मी आमटी वाढायची. मनात यायचं, ही आमटी जर मी निबंधात ‘येसर’ म्हणून लिहिली तर हाच माणूस तिच्याभोवती तांबडं गोल काढेल.

नवीन जालन्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ होती. पुढच्या खोलीत लांब बाकडी, मागच्या खोलीत चूल, गॅस, पिठाचे डबे आणि आम्ही. बँकेत लागलेली परगावची पोरं, मोंढ्यातले मुनीम, बियाणे कंपनीच्या ऑफिसातली माणसं, सगळी आईच्या हातचं खायची. आई पहाटेपासून भाकरी थापायला बसायची आणि तो थप थप आवाज दुपार ढळेपर्यंत थांबायचा नाही. त्यात कुकरच्या शिट्ट्या, गल्लीतल्या ऑटोंचे हॉर्न, आणि मधूनच स्टेशनावरच्या भोंग्यातून येणारी बाई. ‘प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ असं ती म्हणायची. आमच्या घरात कानावर पडणारी शुद्ध मराठी म्हणाल तर तेवढीच. आई ते ऐकून दर वेळी म्हणायची, "हिला काय जातंय म्हनायला, गाडी तर आलीच न्हाई." आजही कोणी ‘प्रमाणभाषा’ म्हटलं की मला ती भोंग्यातली बाई आठवते आणि माझं डोकं फिरतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या कॉलेजात लेखनाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र वर्ग निघाला. शिकवायला आणि तपासायला गव्हाणे सर एकटेच. सकाळी लवकर, बाकीचे तास सुरू व्हायच्या आधी हा वर्ग भरायचा. मी नाव घातलं, कारण मला लिहायला आवडायचं, आणि खरं सांगायचं तर कारण तेवढा वेळ भाकरी थापाव्या लागायच्या नाहीत. दर आठवड्याला एक निबंध लिहायचा, पुढच्या आठवड्यात तो तांबडा होऊन हातात यायचा. गुण देण्याची सरांची रीत पक्की होती. चार रकाने, शुद्धलेखन, भाषा, मांडणी आणि आशय. शुद्धलेखनात प्रत्येक चुकीला अर्धा गुण जायचा, आणि तीच चूक तीनदा आली तर तीनदा जायचा. भाषेच्या रकान्यात बोलीचा शब्द आला की अर्धा. मांडणीत प्रास्ताविक, मध्य आणि समारोप हे तिन्ही वेगवेगळे दिसले पाहिजेत. आणि आशयात शेवटी वाचणाऱ्याला काही तरी बोध झाला पाहिजे. चांगले निबंध सर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचे, पण नाव सांगायचे नाहीत. म्हणायचे, "नाव झाकलं की लेखनाचा कस कळतो."

पहिला निबंध होता ‘आमची सहल’. आम्ही आप्पांच्या जीपमधून जांब समर्थला गेलो होतो, त्यावर मी लिहिलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव जाफराबाद; तिथून जालन्याच्या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालायची. निबंधात मी लिहिलं होतं, ‘सकाळी सुशीला खाऊन आम्ही निघालो.’ निबंध वापस आला तर ‘सुशीला’भोवती एवढं मोठं तांबडं गोल, आणि समासात लिहिलेलं, ‘विशेषनाम खाद्यपदार्थ म्हणून कसे? अर्थबोध होत नाही.’ आता सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि सरांना तर चांगलीच ठाऊक, कारण त्याच आठवड्यात आमच्या बाकड्यावर बसून त्यांनी दोन बशा संपवल्या होत्या आणि वर लिंबू मागितलं होतं. मी निबंध घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"सर, सुशीला तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे गं. पण वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

"वाचणारे तर तुम्हीच आहात की सर."

सर हसले नाहीत. "मी नाही," ते म्हणाले, "परका माणूस. निबंध लिहिताना असं धरून चालायचं की वाचणारा परका आहे, लांबचा आहे, त्यानं आपलं गाव पाहिलेलं नाही. मी त्याच्या जागी बसून तपासतो."

तो परका माणूस मला वर्षभर छळत राहिला. कोण होता, कुठं राहत होता, काय खात होता, काही माहीत नाही. एवढंच कळलं की त्याला आमचं काही कळत नव्हतं आणि समजून घ्यायचीही त्याची तयारी नव्हती. आम्हीच त्याच्यासाठी सुशीला सोडून पोहे खायचे. आणि तो नव्हताच कुठं! वर्गात नव्हता, स्टाफरूममध्ये नव्हता, गव्हाणे सरांच्या घरातसुद्धा नव्हता. त्याच्या नावानं सर एकटेच तांबडा पेन चालवत होते. मी आता एवढी मोठी झाले, पुष्कळ वाचलं, थोडं लिहिलंही, पण तो माणूस मला अजून कुठं भेटलेला नाही. भेटला असता तर चार शब्द सुनावले असते.

वर्गात माझ्या शेजारी नसरीन बसायची. तिच्या घरी उर्दू, आणि मराठी तिनं शाळेच्या पुस्तकातून शिकलेली. तिला भाषेच्या रकान्यात नेहमी पैकीच्या पैकी. मला पहिल्यांदा फार राग आला. ज्यांच्या घरात मराठीचं अक्षर नाही त्यांना पूर्ण गुण, आणि जिच्या घरात दुसरं काही बोलतच नाहीत तिच्या पानावर तांबडी जत्रा! मी तिला तसं तोंडावर बोलून दाखवलं. नसरीनला राग आला नाही. डबा उघडत ती म्हणाली, "मेरी मराठी किताब की है ना. तेरी घर की. घर की चीज में ही लोग खोट निकालते." आणि मग तिनं मला तिच्या डब्यातली खिचडी दिली. तिचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून गेलं नाही.

सरांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. एकदा भाषेच्या तासाला मी चिडून विचारलं, "सर, ‘जल्दी’ लिहिलं तर काय बिघडतं? सगळं जालना जल्दी म्हणतं." सरांनी खडू ठेवला. ते भोकरदनकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, आणि एम.ए. करायला पुण्याला गेलेले. तिथं पहिल्याच दिवशी कोणी तरी त्यांना खोलीची चावी मागितली तर ते म्हणाले होते, "जल्दी वापस द्या बरं." सगळी खोली हसली. पुढं दोन वर्षं तिथली पोरं त्यांना ‘जल्दी’ म्हणूनच हाक मारत. हे सांगताना सरांचा चेहरा इतका पडला की वर्गातलं कोणी हसलं नाही. "तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून कापतो," ते म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. पण चीडही आली. हसले ते पुण्यातले, आणि गुण कापायचे ते जाफराबादच्या पोरीचे, हा कुठला न्याय?

वर्ष संपत आलं तसं त्या गुणांना एकदम वजन आलं. गल्लीच्या तोंडाशी ज्या बियाणे कंपनीचं ऑफिस होतं, तिला शेतकऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रकं लिहायला कोणी तरी हवं होतं. त्यांनी कॉलेजला कळवलं, तुमच्या लेखनाच्या वर्गातून ‘अ’ श्रेणीची एक मुलगी किंवा मुलगा द्या. सरांनी वर्गात सांगितलं आणि मी वहीच्या मागच्या पानावर गुणांची बेरीज मांडायला घेतली. टेबल, खुर्ची, पंखा, आणि दिवसभर लिहायचं! नसरीनचं लग्न ठरलं होतं, ती नांदेडला जाणार होती, तेव्हा माझ्याशिवाय कोणाला ती नोकरी हवी होती असंही नव्हतं. फक्त ‘अ’ हवा होता. घरी आईला सांगितलं तर थापता थापता ती म्हणाली, "अ आनलास तर तुझ्या भाकरी सुटल्या. न्हाई आनलास तर बी.ए. झाल्यावर दुसरा तवा तुझा. मला एकटीला आता उरकून न्हाई राह्यलं." तिनं ते धाक घालायला म्हटलं नव्हतं. तिचे हात खरंच दुखायचे, सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. पण तो दुसरा तवा मला डोळ्यांपुढं दिसायला लागला, आणि त्याच्यापुढं बसलेली मी, पुढची सगळी वर्षं.

आतापर्यंतच्या गुणांची बेरीज काठावर होती. शेवटच्या निबंधावर सगळं होतं, आणि त्याचा विषय होता, ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय व्यक्ती’. मी आप्पांवर लिहिलं. आप्पा रागीट. माझ्या लहानपणी, जाफराबादला असताना, ते सारखे घर सोडून जायचे. कारण काहीही पुरायचं, डाळीत मीठ जास्त झालं, आई उलट बोलली, जीपचं टायर फुटलं. उठले की चपला घालून चालू लागायचे आणि मग महिना महिना पत्ता नाही. कधी इंदूरला कोणाच्या ट्रकवर, कधी सुरतेला चुलत्याकडे. आले की चार दिवस गोड, आणि मग परत गेले. आम्ही जालन्याला आलो, आईनं खानावळ काढली, तीही ते गेलेले असतानाच. असेच एकदा ते दुपारी दारात उभे राहिले. डोक्यावर केवढा तरी मोठा लोखंडी तवा, चार भाकरी एकदम बसतील असा. कुठून आणला, कसा आणला, विचारायची सोय नव्हती. आईनं मान वर केली नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिनं फक्त पिठाची परात त्यांच्यापुढं पायानं सरकवली आणि म्हणाली, "थापा." आप्पांनी तवा ठेवला, हात धुतले आणि बसले थापायला. पहिल्या भाकरीला मध्येच भोक पडलं. ती भाकरी आईनं कोणाला वाढली नाही, स्वतः खाल्ली. तेव्हापासून आप्पा सकाळी थापू लागायचे, मग जीप काढायचे, आणि येता-जाता डबे पोहोचवायचे. निबंधाचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं: ‘त्या दिवशी आप्पा वापस आले, ते परत गेले नाहीत.’

ते वाक्य लिहून झाल्यावर मी उगाच दोनदा-तीनदा वाचलं होतं. वर्षभरात मला आवडलेलं ते माझं पहिलं वाक्य. आमच्याकडे वापस म्हणजे माघारी, आणि परत म्हणजे पुन्हा. दोन कामांना दोन शब्द, कुठं गोंधळ नाही. मी मुद्दाम जपून लिहिलं होतं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं होतं, वेलांट्या तपासल्या होत्या. फक्त तो एक शब्द मला सोडवेना.

निबंध हातात आला. ‘वापस’ खोडून सरांनी वर तांबड्यानं ‘परत’ लिहिलं होतं. भाषा, अर्धा गुण वजा. म्हणजे वाक्य झालं, ‘त्या दिवशी आप्पा परत आले, ते परत गेले नाहीत.’ आणि त्याच्याखाली समासात, त्याच पेनानं, त्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘शब्दाची पुनरुक्ती टाळावी.’ आणखी अर्धा गुण वजा. मला पहिल्यांदा वाटलं माझ्याच वाचण्यात चूक होतेय. मी नसरीनला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "या अल्लाह! ये तो उन्होंने खुद लिखा!" बाकी आशयातही गुण गेले होते, ‘वडिलांचे घर सोडून जाणे योग्य वाटत नाही, आईचे वर्तन रुक्ष, बोध अस्पष्ट.’ बेरीज केली. ‘अ’ अर्ध्या गुणानं गेला होता. ज्या अर्ध्या गुणाचा मी शब्दच लिहिला नव्हता, त्यानं!

मी तशीच स्टाफरूममध्ये गेले.

"सर, मी ‘वापस’ लिहिलं होतं. ‘परत’ तुम्ही लिहिलंत. मंग पुनरुक्ती माझी कशी?"

सरांनी कागद घेतला, चष्मा वर केला, वाचलं. पुन्हा वाचलं. "बराबर आहे तुझं," ते हळूच म्हणाले.

"मंग अर्धा गुण द्या."

"गुण वर गेले शीतल. ग्रुपवर यादी पडली, ऑफिसात गेली. आता एकीचा गुण वाढवला की उद्या सगळी रांग लागेल, आणि प्राचार्य मला विचारतील, तुमचं तपासणं असं कसं."

"चूक तुमची आहे सर."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणून राह्यलो?" ते म्हणाले, आणि मग इकडंतिकडं बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, "एक करता येतं. फेरलेखनाची तरतूद आहे. नवीन निबंध दे, नव्यानं गुण देतो. पण मग नीट लिही. आशयसुद्धा. वडील घर सोडून जातात हे परक्या माणसाला कसं दिसेल? त्यांना नोकरीनिमित्त परगावी जावं लागतं असं कर. आणि आई त्यांचं चांगलं स्वागत करते असं काही तरी. दोन दिवसांत दे, मी वाट बघतो."

मला कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकावासा वाटत होता. फाडला नाही. घरी आले, तर पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागं आई एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबत बसलेली, आणि पिठाची परात माझी वाट बघत. मी बसले थापायला. त्या दिवशी मी भाकऱ्या अशा आपटल्या की आई म्हणाली, "पिठानं काय केलं तुझं?" मी तिला काही सांगितलं नाही. भाकरी संपल्या तसे मी हात धुतले आणि खाली चटईवर बसून नवीन निबंध लिहायला घेतला.

फार वेळ लागला नाही. वर्षभरात मी त्या परक्या माणसाला चांगली ओळखायला लागले होते. त्याला काय हवं ते मला झोपेतही लिहिता आलं असतं. माझे वडील एका कंपनीत नोकरीला. कर्तव्यापोटी त्यांना परगावी जावं लागतं. आई धीरानं संसार सांभाळते. अखेर ते कायमचे घरी येतात, आई दारात औक्षण करते, तिच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळतात. तवा गेला, परात गेली, भोक पडलेली भाकरी गेली. ‘वडील घरी परतले आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीही घर सोडले नाही. कुटुंब हेच खरे सुख होय.’ एकही वेलांटी चुकली नाही. लिहिताना माझे दात नुसते करकरत होते. आईनं मला कधी ओवाळलेलं आठवत नाही, आप्पांना तर सोडाच. आमच्या घरात निरांजन होतं की नव्हतं, तेही मला शोधावं लागलं असतं.

सरांनी पूर्ण गुण दिले. चारही रकान्यांत. खाली लिहिलं, ‘उत्कृष्ट. अनुकरणीय.’ आणि वर्ग संपताना प्रमाणपत्र वाटायचा कार्यक्रम ठरला, तेव्हा ते स्वतः मला म्हणाले, "तुझा निबंध वाचणार आहे. आई-वडिलांना आण." मी घरी सांगितलं. का सांगितलं, काय माहीत. ‘अ’ आला होता, नोकरी पक्की होती, आणि आईनं आनंदानं शेजारणीला बोलावून सांगितलं होतं, तेव्हा तेवढं तरी सांगावंसं वाटलं असेल. आईला संध्याकाळच्या डब्यांनी सोडलं नाही. पण आप्पांनी दुपारची फेरी रद्द केली, जीप धुतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांच्या हाताला अजून पीठ होतं, नखांच्या कडेला. दर थोड्या वेळानं ते मागं वळून मला बघायचे आणि मान हलवायचे.

सरांनी तीन निबंध वाचले, नेहमीप्रमाणे नावं न सांगता. पहिला झाडं लावण्यावर, दुसरा मोबाइलच्या दुष्परिणामांवर, आणि तिसरा माझा. सर वाचायचे फार छान. ‘आनंदाश्रू’पाशी तर त्यांचा आवाज जरासा जड झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनीही वाजवल्या, पण घाईनं, आणि मग पुन्हा सरसावून बसले, हात मांडीवर, कान पुढं करून. मला कळेना ते कशाची वाट बघतायत. मग प्राचार्य बोलायला उठले, प्रमाणपत्रं वाटली, चहा झाला, आणि आम्ही निघालो.

जीपमध्ये आप्पा समोर बघून गाडी हाकत होते. मला वाटलं, त्यांना लागलं असेल. घरातलं मी चारचौघांत नेलं, तेही खोटं करून, म्हणून चिडले असतील. ते चिडले असते तर मला चाललं असतं. मोंढ्याच्या चौकात त्यांनी गाडी एकदम कडेला घेतली आणि माझ्याकडे वळले.

"त्या सरांला काई लाज हाय का?"

"काय झालं आप्पा?"

"आपल्याला बोलावून घेतलं, म्या फेरी सोडून आलो, अन् तुझ्यावाला निबंध वाचलाच न्हाई! तीन वाचले, तिन्ही दुसऱ्याच्याच पोरांचे. चाल, गाडी वळवतो. इचारतो त्यांला, माझ्या पोरीचा काहून न्हाई वाचला."

त्यांनी खरंच गाडी वळवायला घेतली. मागून ऑटोवाला हॉर्न मारत होता.

"वाचला आप्पा," मी म्हणाले. "तिसरा माझाच होता."

"तिसरा कोन्ता? तो कंपनीतल्या सायबाचा?"

"हो."

मग त्यांना हसू आलं. "तो म्या? मला तुझ्या मायनं कव्हा ओवाळलं?" ते हसले, आणि मग हसता हसता थांबले. "मंग त्यात म्या कुठं व्हतो?"

"आधी लिहिलेल्या निबंधात होता तुम्ही. तवा घेऊन आलेले. सगळं लिहिलं होतं मी, आप्पा. ते चुकीत गेलं. त्याच्यावर ‘अ’ नव्हता येत."

ऑटोवाला शिव्या देऊन पुढं निघून गेला. आप्पांनी हात बाहेर काढून त्याला काही म्हटलं नाही, एरवी सोडलं नसतं. नखाच्या कडेचं पीठ त्यांनी अंगठ्यानं खरवडून काढलं.

"अन् ह्याच्यावर अ आला?"

"हो."

"मंग बरं केलंस तू," ते म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. "म्या असतो त्यात, तर ब आला असता."